गेन

भरडावरच्या आमच्या दवाखान्यात
बी-स्कॅनचं मशीन माझ्या नोकरीपेक्षा दोन वर्षांनी जुनं.
बटण फिरवताना कटकट वाजतं,
पडदा पेटायला इतका वेळ लागतो
की पेशंट विचारतात, लाइट गेली काय.

प्रांजल टिकम, वय चौदा, दांडी.
आली होती चष्म्याचा नंबर काढायला.
डॉक्टर एरवी बोलत बोलत तपासतात.
तिच्या डोळ्यात डोकावले
आणि बोलायचे थांबले.
दोन्हीकडे नसेचं तोंड फुगलेलं, कड पुसट,
ओल्या कागदावर शाईचा थेंब पसरावा तशी.
फाइलवर एक शब्द लिहिला, पुढे प्रश्नचिन्ह.
मला हळूच म्हणाले,
हे करून घे, मग बांबोळीची चिठ्ठी देतो, एमआरआयला.

त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ मला माहीत आहे.
डोक्यात पाणी, नाहीतर गाठ.
मुलगी विचारत होती,
जेल थंड असतं का.

बाप मागे उभा. गुणाजी टिकम, तांडेल.
त्याला बाहेर बसा म्हटलं नाही,
तो बसणाऱ्यातला दिसत नव्हता.

मिटल्या पापणीवर प्रोब टेकवला.
वर बघ. आता नाकाकडे बघ.
पडद्यावर काळा गोल आला, डोळ्याचं पोट,
मागे करड्या चरबीचा ढग,
त्यातून आत जाणारी नसेची काळी पट्टी
आणि तिच्या तोंडाशी
एक पांढरा ठिपका.

ह्यां आमच्या होडयेर असता तसांच, तांडेल पुढे सरकला.
मी समजावू लागले, हा आवाजच असतो,
आपल्याला ऐकू न येणारा,
जातो, आपटतो, परत येतो.
माका म्हायत असा, तो म्हणाला.
वीस वर्षं तो परत आलेल्या आवाजावर जाळं टाकतोय.

मग म्हणाला:
गेन उतरय गो बाय.
मासळी असात तर इझतली.
खडप असात तर रवतला.

हे मी परीक्षेत लिहिलं होतं, तीन मार्कांना.
पण त्या क्षणी माझा हात जेलच्या बाटलीवर होता
आणि डोकं बांबोळीत.

नव्वद. ऐंशी. कट, कट.
चरबीचा ढग गेला.
सत्तर. मागची भिंत फिकी, मग तीही नाही.
साठला पडदा अवसेच्या दर्यासारखा
आणि ठिपका तिथेच,
मागे स्वतःची सावली टाकून.
दुसऱ्या डोळ्यातही. तिथे दोन, लहान.

खडप, तांडेल म्हणाला.
ड्रुसन, मी म्हणाले. चुन्याचे खडे,
नसेच्या तोंडात हळूहळू साचलेले.
कड त्यांनीच उचलून धरली होती,
सूज नव्हे.

डॉक्टरांनी येऊन तीनदा बटण फिरवलं.
बांबोळीची चिठ्ठी फाडली नाही, खिशात ठेवली.
आधी कुडाळला ओसीटी.

ओसीटीत आवाज नाही, उजेड परत येतो.
नसेचे तंतू खाडीतल्या गाळासारखे थराथरांनी दिसतात.
प्रांजलचे वरच्या अंगाला जरा पातळ.
फील्डच्या घुमटात तिने दिवा दिसला की बटण दाबलं,
खाली, नाकाच्या बाजूचे
चार दिवे लागले तेव्हा
ती शांत बसून होती.

खडप वाढता? तांडेलाने विचारलं.
वाढतं, म्हटलं. हळू. औषध नाही.
दर वर्षी येऊन मोजायचं.
तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. तिथून समुद्र दिसत नाही,
रिक्षा स्टँड दिसतो.
बंदरात शिरताना खडपां असततच, म्हणाला.
काढूक येनत नाय.
खंय असत तां म्हायत व्हया.

रिपोर्टवर, तपासणी करणाऱ्याचं नाव या रकान्यात
मी माझं नाव लिहिलं.
पेन लगेच उचललं नाही.

प्रांजल विचारत होती,
मग चष्मा लागणार की नाही?
लागणार. पाऊण नंबर.
तिने निळी फ्रेम काढली.
तांडेलाने भाव केला,
पन्नास रुपये उतरवले.